आठशे वर्षांच्या चर्चची मोजदाद



"दर शनिवारी चर्चमध्ये जाऊन तू नेमकं करतेस तरी काय?" हा प्रश्न इथल्या मराठी ओळखीतल्या निम्म्या लोकांनी विचारून झालाय. एकदोघांनी तर आवाज खाली आणून, "सगळं ठीक आहे ना घरी?" असंही विचारलं. तेव्हा एकदा सविस्तरच लिहावं म्हटलं.

मी प्रार्थनेला जात नाही. घरची पूजा आटोपते आणि मोजपट्टी, विजेरी, पेन्सिल घेऊन जाते. आम्ही दहा जण गेली तीन वर्षं आमच्या गावच्या चर्चमधल्या प्रत्येक वस्तूची नोंद करतोय. प्रत्येक म्हणजे अगदी प्रत्येक: वेदीवरच्या चांदीच्या प्याल्यापासून ते बाकाखालच्या गुडघे टेकायच्या उशीपर्यंत. गटात बहुतेक सगळे निवृत्त आहेत. मी आणि आणखी एक जण नोकरी करणारे, म्हणून सगळ्यांनी शनिवार धरलाय. आमच्या प्रमुख बाई ऐंशीच्या घरात आहेत, पण शिडीवर माझ्याआधी चढतात.

हा उद्योग कोणी काढला?

इंग्लंडात हे काम नवीन नाही. १९६८ साली 'नॅशनल असोसिएशन ऑफ डेकोरेटिव्ह अँड फाइन आर्ट्स सोसायटीज' नावाची संस्था निघाली. नाव लांबलचक, म्हणून सगळे नॅडफास म्हणायचे. (२०१७ मध्ये त्यांनी नाव बदलून 'द आर्ट्स सोसायटी' केलं.) कलेवर व्याख्यानं ऐकणाऱ्या लोकांची ही मंडळं. त्यांच्यातल्या काहींना वाटलं की नुसतं ऐकून काय उपयोग, हाताने काही करावं. त्यातून १९७०च्या दशकात गावोगावच्या चर्चमधल्या वस्तूंची पद्धतशीर नोंद करायला सुरुवात झाली. पुढे शेकडो चर्चेसची जाडजूड बाडं तयार झाली, तीसुद्धा पगारी तज्ज्ञांकडून नव्हे. शिक्षिका, नर्स, बँकेतले कारकून, गृहिणी अशा लोकांनी ती केली. आमच्या गटातल्या दोघीजणी त्याच पद्धतीत तयार झालेल्या आहेत, आणि आम्ही बाकीचे त्यांच्या हाताखाली शिकतो.

ही गरज का पडली ते कळायला एक आकडा पुरे. चर्च ऑफ इंग्लंडकडे सुमारे १६,००० चर्चेस आहेत आणि त्यातली १२,००० हून जास्त 'लिस्टेड', म्हणजे कायद्याने संरक्षित इमारती आहेत. पण ती सरकारी यादी इमारतीची असते. भिंत पाडायची असेल तर दहा ठिकाणी अर्ज करावे लागतात. आत ठेवलेली खुर्ची मात्र कुठल्या शतकातली, हे त्या यादीवरून कळतंच असं नाही. चर्चवॉर्डनला, म्हणजे आपल्या भाषेत देवस्थानच्या विश्वस्ताला, वस्तूंची यादी ठेवणं बंधनकारक आहे. यादी असतेही. पण तिच्यात 'चांदीचे प्याले – २, जुनी खुर्ची – १' अशा ओळी असतात. कुठली खुर्ची? कशी दिसते? उद्या ती गेली आणि तिच्याजागी दुसरी जुनी खुर्ची आणून ठेवली, तर यादी म्हणेल, सगळं जागेवर आहे!

काम कसं चालतं

वस्तूंचे ठरलेले नऊ भाग असतात: स्मृतिशिला, धातुकाम, दगडकाम, लाकूडकाम, कापडकाम, चित्रं, पुस्तकं, खिडक्या आणि उरलेलं सगळं. प्रत्येक वस्तूचा एक स्वतंत्र कागद. त्यावर वस्तूचं नाव, ती कुठे आहे, कशाची आहे, उंची-रुंदी-खोली, वर्णन, त्यावर कोरलेला मजकूर, काळ, करणारा कोण, देणारा कोण, आणि फोटो.

ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या शनिवारी मला एक साधं लाकडी टेबल दिलं आणि सांगितलं, "याचं असं वर्णन कर की ज्याने हे कधीच पाहिलेलं नाही त्याला पन्नास टेबलांतून हे उचलता आलं पाहिजे." मला अडीच तास लागले. रोजच्या नोकरीत मी सॉफ्टवेअरच्या गरजांचे दस्तऐवज लिहिते, तरीही! आपण वस्तूंकडे बघतो खरं, पण त्या आपल्याला दिसत नाहीत. पायाला किती खाचा आहेत, डावीकडचा मागचा पाय नंतर बदललाय का, खालच्या बाजूला सुताराची खूण आहे का, हे सगळं गुडघ्यावर बसून, वाकून बघितल्याशिवाय कळत नाही.

काही नियम पक्के आहेत. शाईचं पेन आत आणायचं नाही, फक्त पेन्सिल. चांदीला हात लावायचा तर हातमोजे घालून. कितीही मोह झाला तरी काहीही पुसायचं, घासायचं नाही. 'सुंदर', 'भव्य', 'अप्रतिम' हे शब्द लिहायचे नाहीत. आपलं मत नको, वस्तू काय आहे ते सांगा. आणि लेख वाचताना स्पेलिंग चुकलेलं असेल तर ते चुकीचंच उतरवायचं.

एक गंमत सांगते. चर्चमध्ये वेदी जिकडे असते ती पूर्व. मग होकायंत्र काहीही म्हणो. आमच्या चर्चची 'पूर्व' बऱ्यापैकी ईशान्येला आहे. पण कागदावर सगळ्या दिशा वेदीवरूनच धरायच्या, नाहीतर पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला उत्तरेची खिडकी सापडायची नाही.

बाड पूर्ण झालं की त्याच्या प्रती होतात. एक चर्चला, एक जिल्ह्याच्या अभिलेखागाराला, आणि पूर्वापार पद्धतीप्रमाणे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या ग्रंथालयाला आणि चर्च ऑफ इंग्लंडच्या मध्यवर्ती कार्यालयालाही. जाहीर मात्र करत नाहीत. कुठल्या कपाटात काय आहे याची यादी चोराच्या हातात द्यायची नाही, हे उघडच आहे.

वस्तू बोलायला लागतात

मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की थोडी लिपी कळली की वस्तू बोलायला लागते.

चांदीचंच घ्या. इंग्लिश चांदीच्या भांड्यावर तळाशी किंवा काठाजवळ बारीक ठसे असतात. चालणारा सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी. बिबट्याचं तोंड म्हणजे लंडनच्या कार्यालयात तपासलेली. एक अक्षर म्हणजे वर्ष. लंडनला ही वर्षाक्षरांची पद्धत १४७८ पासून आहे. आणि आद्याक्षरं म्हणजे घडवणारा सोनार. भिंग घेऊन बसलं की पाच मिनिटांत प्याल्याची जन्मपत्रिका समोर! आपल्याकडे आजीची वाटी कुणी घडवली हे कुणाला ठाऊक असतं?

किंवा दारावरचं राजचिन्ह. १६६० मध्ये राजेशाही परत आल्यावर चर्चमधून राजाचं कुलचिन्ह लावायची पद्धत पक्की झाली. आमच्याकडच्या लाकडी फळीवर साल पुसलं गेलं होतं. पण चिन्हाच्या एका कोपऱ्यात हॅनोव्हरचा पांढरा घोडा दिसत होता, म्हणजे १७१४ नंतरचं. आणि दुसऱ्या चौकटीत फ्रान्सची लिलीची फुलं होती. इंग्लंडचे राजे स्वतःला फ्रान्सचेही राजे म्हणवत. तो दावा आणि ती फुलं १८०१ मध्ये गेली. म्हणजे फळी १७१४ ते १८०१ मधली. कार्बन डेटिंग नाही, काही नाही. नुसतं नीट बघणं.

भिंतीवर उंच, चौकोन कोपऱ्यावर उभा केल्यासारखी काळी चित्रं टांगलेली असतात. त्यांना हॅचमेंट म्हणतात. घरातलं मोठं माणूस गेलं की त्याचं कुलचिन्ह असं रंगवून आधी घरावर आणि मग चर्चमध्ये लावायचे. पार्श्वभूमीचा फक्त अर्धा भाग काळा असेल तर नवरा-बायकोपैकी एक गेलंय, कुठलं ते काळी बाजू सांगते, आणि दुसरं मागे राहिलंय. हे कळल्यापासून ती चित्रं मला नुसती रंगकामाची फळी वाटत नाहीत.

पण याचा उपयोग काय?

आमच्या चर्चमधून काही वर्षांपूर्वी एक कोरीव खुर्ची चोरीला गेली. पोलिसांनी पहिला प्रश्न विचारला, "फोटो आहे?" नव्हता. शेवटी गावातल्या एका कुटुंबाच्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरीच्या पदराआड, म्हणजे तिच्या त्या लांब झग्याआड, खुर्चीचा एक हात दिसत होता. तेवढाच पुरावा. खुर्ची काही मिळाली नाही. आमचा गट त्यानंतरच जमला.

उलट उदाहरण डेव्हनमधल्या टॉरब्रायन गावचं. तिथल्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये पंधराव्या शतकातला रंगवलेला लाकडी पडदा आहे, संतांच्या चित्रांचा. २०१३ मध्ये लक्षात आलं की त्यातल्या दोन फळ्या कुणी तरी उपसून नेल्यात. पण तो पडदा अभ्यासकांच्या ओळखीचा होता, त्याची चित्रं उपलब्ध होती, चोरीची बातमी चित्रांसकट सगळीकडे गेली. एका खाजगी संग्राहकाला त्या फळ्या ऑनलाइन विक्रीत दिसल्या, त्याने कळवलं, आणि २०१५ मध्ये पोलिसांनी त्या परत मिळवल्याचं जाहीर झालं. खुर्ची आणि फळ्या, दोन्ही लाकडाच्याच वस्तू. एक परत आली, एक नाही.

चोर मात्र सगळ्यात मोठं संकट नव्हे, हे मला हळूहळू कळलं. मोठं संकट म्हणजे चांगल्या हेतूने केलेली दुरुस्ती. एकोणिसाव्या शतकात इथे चर्चेसच्या जीर्णोद्धाराची लाट आली होती. जुने उंच बाक, गॅलऱ्या, रंगवलेलं प्लॅस्टर, सगळं उखडून 'शुद्ध' मध्ययुगीन रूप द्यायचं, अशी टूम निघाली. हे बघून चिडलेल्या विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारती वाचवायला संस्था काढली, ती आजही आहे. पण तोवर किती काय गेलं, याचा हिशोब नाही, कारण नोंदच नव्हती.

आणि तिसरं संकट म्हणजे माणसंच न उरणं. आमच्या चर्चमध्ये रविवारी पंधरा-सोळा डोकी असतात, त्यातली निम्मी माझ्या आईच्या वयाची. चर्च बंद झालं तर वस्तू कुठे जातील? बंद पडलेल्या पण ऐतिहासिक चर्चेसची काळजी घेणारा एक ट्रस्ट १९६९ पासून आहे आणि त्याच्याकडे साडेतीनशेच्या वर चर्चेस आहेत. पण सगळ्यांनाच तो कुठून पुरणार?

आमच्याकडे सध्या एक वाद चालू आहे. छप्पर गळतंय. बँकेच्या लॉकरमध्ये अठराव्या शतकातला एक मोठा चांदीचा कलश आहे, जो वर्षानुवर्षं कुणी बघितलेला नाही. एक चर्चवॉर्डन म्हणतात, "वरून पाणी गळतंय आणि तुम्ही चमचे मोजताय! विका तो कलश." आमच्या प्रमुख बाई म्हणतात, "ज्या बाईने तो दिला तिने विकायला दिला नव्हता." तिचं नाव आणि साल कलशावरच कोरलेलं आहे. विकायचं झालंच तर चर्चच्या न्यायालयाची परवानगी लागते, ती सहज मिळत नाही. अजून निर्णय नाही. मला विचाराल तर दोघांचंही पटतं. आणि आमच्या नोंदीमुळे कलश वाचेलच असंही नाही. चांगलं वर्णन आणि फोटो लिलाववाल्यालाही उपयोगी पडतातच की. पण आता निदान गावाला माहीत आहे की वाद कशावरून आहे. याआधी तो यादीतला 'चांदीचं भांडं – १' होता.

याद्यांना लोक का घाबरतात

सुरुवातीला गावातल्या काही वृद्धांनी आम्हाला कपाटं उघडू दिली नाहीत. मला आश्चर्य वाटलं. मग इतिहास वाचला आणि कळलं की त्यांचं फारसं चुकत नव्हतं.

१५५२ मध्ये सहाव्या एडवर्ड राजाचे अधिकारी गावोगाव फिरून चर्चमधल्या वस्तूंच्या याद्या करून गेले. प्याले किती, घंटा किती, भरजरी वस्त्रं किती. पुढच्याच वर्षी जास्तीची चांदी राजाच्या खजिन्यात जमा! त्यातल्या कित्येक याद्या आजही क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पुढे १६४३-४४ मध्ये विल्यम डाउसिंग नावाच्या गृहस्थाने सफक आणि केंब्रिजशायरमधल्या दोनशेहून जास्त चर्चेसमध्ये जाऊन मूर्ती, चित्रं, रंगीत काचा फोडल्या किंवा फोडायला लावल्या. आणि कुठे काय फोडलं याची रोजनिशी ठेवली. आज तिथे पूर्वी काय होतं हे जाणून घ्यायला अभ्यासकांना त्या मूर्तिभंजकाच्याच वहीचा आधार घ्यावा लागतो! यादी करणारा प्रेमाने करतोय की न्यायला आलाय, हे यादीवरून कळत नाही.

आपल्याकडेही हेच. १८५२ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशन बसलं, सनदा तपासल्या गेल्या, कित्येकांची इनामं गेली. 'सरकारी माणूस लिहून न्यायला आलाय' म्हटल्यावर गावाच्या पोटात गोळा येतो, तो उगीच नाही. म्हणून ही नोंद गावच्याच माणसांनी, गावासाठी केली पाहिजे, आणि पहिली प्रत गावातच राहिली पाहिजे. आमच्याकडे कपाटं उघडली ती आमच्या प्रमुख बाईंमुळे, कारण त्यांनी गावातल्या दोन पिढ्यांना शाळेत शिकवलंय.

आणि मग 'सीरूर' निघालं

स्मृतिशिलांचं काम चालू असताना एका संगमरवरी पाटीशी गाडी अडली. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला एक तरुण लेफ्टनंट, वय बावीस, तापाने वारला. आईवडिलांनी इथे शिला लावली. कुठे वारला? 'सीरूर'. गटाने सिरियापासून सगळे नकाशे धुंडाळले होते. मी वाचलं आणि म्हटलं, "अहो, हे शिरूर! पुण्याहून नगरला जाताना लागतं. माझ्या मावशीचं घर आहे तिथे."

सगळे माझ्याकडे बघतच राहिले.

शिरूरला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांची मोठी छावणी होती. तिथे कर्नल विल्यम वॉलेस यांची कबर आहे, ते १८०९ मध्ये वारले. गावातले लोक त्यांना सत्पुरुष म्हणून मानत, कबरीपुढे नैवेद्य ठेवत, असं जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलेलं आहे. हे मी गटाला सांगितलं तेव्हा एक आजोबा म्हणाले, "म्हणजे आमच्या माणसाची तुम्ही आमच्यापेक्षा जास्त काळजी घेतलीत."

मला त्यावर चटकन काही बोलता आलं नाही. कारण त्याच शिलेवर पुढे 'मराठ्यांविरुद्धच्या युद्धातील' शौर्याचा उल्लेख आहे. मी ते अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं, नियमाप्रमाणे, मत न देता. मनात काय आलं ते कागदावर लिहायची जागा नसते, आणि ते बरंच आहे. खालच्या टिपेत फक्त एवढं लिहिलं: शिरूर, जिल्हा पुणे, महाराष्ट्र. बावीस वर्षांच्या मुलाच्या आईला ते गाव नकाशावर कुठे आहे हे कधीच कळलं नसणार.

तुमच्यापैकी जे इंग्लंडात आहेत त्यांनी आपापल्या गावच्या चर्चमध्ये एकदा भिंती वाचून बघाच. किर्की म्हणजे आपली खडकी, टन्ना म्हणजे ठाणे, बसीन म्हणजे वसई. लंडनच्या शूटर्स हिलवर तर 'सेव्हर्नड्रूग कॅसल' नावाचा मनोराच उभा आहे, तो आपल्या सुवर्णदुर्गाच्या नावाचा. कमोडोर जेम्सने १७५५ मध्ये तो किल्ला घेतला होता. सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा पुतळा आहे, तोच तो पुण्याचा रेसिडेंट आणि नंतर मुंबईचा गव्हर्नर. ही नावं इथल्या कुणाला वाचता येत नाहीत. आपल्याला येतात. उलट बाजूने, भारतातल्या युरोपीय कबरस्तानांची नोंद करणारी 'बॅक्सा' ही इथली संस्था १९७६ पासून काम करते आहे. तेही सगळे हौशी लोकच.

आपल्या देवळांचं काय?

ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते आता सांगते.

वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावरच्या देवळात एक मोठी घंटा आहे. वरून बघितली तर देवळातली घंटा. जवळ जाऊन बघितलं तर तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीज चर्चेसमधल्या घंटा मराठा सरदारांनी आणल्या, त्यातली ही एक. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटाही त्यातलीच. घंटेवर साल आणि चित्र ओतलेलं होतं म्हणून हे आज कळतं. नसतं तर ती एक 'मोठी घंटा – १ नग' झाली असती. नोंद म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

ज्या वस्तूवर काही लिहिलेलं नाही तिचं काय? तमिळनाडूतल्या आनंदमंगलम गावच्या विष्णुमंदिरातून १९७८ मध्ये राम, लक्ष्मण आणि सीतेच्या काशाच्या मूर्ती चोरीला गेल्या. चाळीस वर्षांनी त्या लंडनमध्ये आढळल्या. त्या त्याच आहेत हे सिद्ध कशावरून झालं? पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने १९५८ मध्ये त्या देवळात जाऊन फोटो काढून ठेवले होते, त्यावरून. २०२० च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या इंडिया हाउसमध्ये मूर्ती परत दिल्या गेल्या. कुणी तरी साठ वर्षांपूर्वी एका दुपारी कॅमेरा लावून उभं राहिलं होतं, एवढ्यावर हे सगळं झालं.

आमच्या कोकणातल्या गावच्या देवळाला लाकडी सभामंडप होता. खांबांवर पोपट, वेली, एका खांबावर वाघ. लहानपणी मी त्या वाघाच्या तोंडात बोट घालून बघायची. मग जीर्णोद्धार झाला. आम्ही मुंबईकरांनी आणि परदेशातल्यांनी भरभरून वर्गण्या दिल्या, त्यात आमच्या घरचीही होती. आता तिथे आरसीसीचा मंडप आहे, चकचकीत टाइल्स आहेत, देणगीदारांची नावं संगमरवरावर आहेत. गेल्या वेळी गुरवकाकांना विचारलं, "काका, जुने खांब कुठे गेले?" ते म्हणाले, "कुणीतरी टेम्पो घेऊन आला होता, घेऊन गेला. लाकूड काय, वाळवीचंच होतं." आमच्याकडे त्या खांबाचा एकच फोटो आहे, भावाच्या मुंजीतला. बटूच्या डोक्यामागे वाघाचं अर्धं तोंड दिसतं. इथे नवरीच्या झग्यामागे खुर्चीचा हात, तिथे बटूमागे वाघ.

देवळाच्या ट्रस्टने धर्मादाय कार्यालयात जंगम मालमत्ता नोंदवलेली असते, हे खरं. पण ती नोंद मालकीची आणि किमतीची असते. 'पितळी समई – २' यावरून तुमची समई बाजारातल्या हजार समयांतून निवडता येत नाही. १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, २००७ पासून राष्ट्रीय नोंदणी मोहीमही आहे. पण प्रत्येक गावच्या प्रत्येक देवळात सरकार येईल ही वाट बघण्यात अर्थ नाही. इंग्लंडातही सरकार आलं नव्हतं. निवृत्त शिक्षिका आल्या होत्या.

पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा

आपण दोन-तीन आठवड्यांसाठी जातो. त्यातली एक दुपार द्या. आधी गुरवांची किंवा पुजाऱ्यांची, विश्वस्तांची परवानगी घ्या. गाभाऱ्यात जायला नको असेल तर आग्रह धरू नका, मंडपापासून सुरुवात करा. गावातली एक-दोन कॉलेजची मुलं सोबत घ्या, कारण आपण परत येणार, ती तिथे राहणार.

फोनवर फोटो काढा: समोरून, बाजूने, मागून, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून. फ्लॅश नको. मग लिहा: काय आहे, कशाचं आहे, किती मोठं आहे, त्यावर काय लिहिलंय, आणि त्याची अशी कुठली खूण आहे जी दुसऱ्या कशावर नसेल. तुटलेला कोपरा, पोचा, डाग, चुकीचं अक्षर. ओळख पटते ती याच गोष्टींवरून. जगभरातले पोलीस आणि संग्रहालयं 'ऑब्जेक्ट आयडी' नावाचा जो नमुना १९९७ पासून वापरतात, त्यात याहून फार वेगळं काही नाही. इंटरपोलने २०२१ मध्ये 'आयडी-आर्ट' नावाचं मोफत ॲप काढलंय, त्यातही अशी नोंद करता येते. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून 'ही कुणी दिली' तेही लिहून घ्या. ते कुठल्याच फोटोत येत नाही आणि ते माणूस फार दिवस थांबणार नाही.

एक छापील प्रत देवळात, एक विश्वस्तांकडे, एक आपल्याकडे. फेसबुकवर मात्र टाकू नका. 'आमच्या देवळातली तीनशे वर्षांची मूर्ती' असं लिहून पत्त्यासकट फोटो टाकणं म्हणजे आमंत्रणच.

आणि जीर्णोद्धाराची वर्गणी मागायला कुणी आलं तर जरूर द्या. फक्त एक अट घाला: जुनं उतरवायच्या आधी प्रत्येक खांबाची नोंद व्हायला हवी. पैसे देणाऱ्याचं एवढं तरी ऐकतील.

आमच्या चर्चचं बाड या हिवाळ्यात पूर्ण होईल असं वाटतंय. उशांच्या नोंदी तेवढ्या राहिल्यात, एकशे चाळीस आहेत आणि प्रत्येकीवर वेगळं भरतकाम. कुणाला इंग्लंडात असं काम करायचं असेल तर आपल्या गावच्या चर्चच्या नोटीस बोर्डावर बघा किंवा सरळ चर्चवॉर्डनला विचारा. धर्म कुणी विचारत नाही. चष्मा आणि गरम मोजे मात्र लागतात, आत भयंकर थंडी असते.


चू. भू. द्या. घ्या.